मोजक्या श्वासाचा माणूस

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की एक तारीख येते, १७ जून. गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यतिथी. १८९५ साली या दिवशी पुण्यात ते गेले, तेव्हा वयाचे एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला २७ दिवस उरले होते. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. तसबिरीला हार घातला जातो, सुधारक आगरकर, बुद्धिवादी आगरकर, टिळकांशी ज्यांचे बिनसले ते आगरकर असे चार शब्द बोलले जातात आणि तास सुरू होतात. मी तीसेक वर्षे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाळांतून मराठी आणि इतिहास शिकवला. असली भाषणे दरवर्षी ऐकली, काही वेळा स्वतः केलीही. त्यांत शेवटचे वाक्य ठरलेले असे, दम्याच्या विकाराने त्यांचे अकाली निधन झाले. पूर्णविराम द्यावा तसे ते वाक्य येई आणि मुले टाळ्या वाजवून मोकळी होत.

दमा आगरकरांकडे शेवटी पाहुणा म्हणून आलेला नव्हता. आयुष्याचा बराच काळ तो घरातलाच होता. केसरीचे अग्रलेख, सुधारकाचे स्तंभ, फर्ग्युसनमधली व्याख्याने हे सारे ज्या छातीतून निघाले, ती छाती केव्हा साथ देईल आणि केव्हा रुसेल याचा भरवसा नव्हता. हे मला जाणवते त्याला माझे वाचन फारसे कारण नाही. माझीही छाती जन्मापासून अधू आहे. निरोगी माणूस आगरकरांचा लेख वाचताना त्यातला विचार पाहतो. मला पुष्कळदा असे वाटत राहते की एवढे लांब वाक्य या माणसाने मधे न थांबता कसे काय पुरे केले असेल!

टेंभू ते पुणे, खानदेशावरून

जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी आजोळी कऱ्हाडला राहिले, पण पुढे शिकवण्याची ऐपत तिथेही कुणाची नव्हती. मग कचेरीत उमेदवारी झाली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम झाले. मध्यंतरी इंग्रजी शिकण्याच्या ओढीने हा मुलगा कऱ्हाडहून रत्नागिरीला चालत गेला. नकाशात हे अंतर बोटभर दिसते, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. तिथेही जम बसला नाही, परत यावे लागले. अखेर वऱ्हाडात अकोल्याला नातलगांच्या आश्रयाने शाळा पुरी झाली. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा विद्वान मुख्याध्यापक तिथे लाभला. वऱ्हाड समाचार या पत्रात थोडेफार लिहून मिळकतीला हातभार लागला. १८७५ साली मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

खानदेशी माणसाला आपल्या मातीशी नाते जोडल्याशिवाय चैन पडत नाही. मीही ते जोडून पाहिले आहे. अकोल्याहून पुण्याकडे येणारी आगगाडी तेव्हाही भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव करीतच मनमाडला पोचे. जी.आय.पी. कंपनीचा हा लोहमार्ग १८६० च्या दशकातच तयार झाला होता. आमच्या धुळ्याला मात्र रेल्वे दिसायला १९०० साल उजाडावे लागले, चाळीसगावचा फाटा झाला तेव्हा. एकोणीस वर्षांचा, एका बोचक्यानिशी निघालेला तो विद्यार्थी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून जळगावच्या फलाटावरच्या कापसाच्या गाठी बघत गेला असेल, असे मी वर्गात सांगत असे. मुलांना ते आवडे. आगरकर एकदम ओळखीचे होत.

डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी वाळला की तोच घालायचा. ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गरीब पण हुशार मुलाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. तिचे खरे मोल पुढच्या निर्णयाने वाढते. १८७८ साली ते बी.ए. झाले. एम.ए.च्या अभ्यासात असताना बाळ गंगाधर टिळक या तितक्याच तापट आणि तितक्याच बुद्धिमान मित्राशी त्यांची गाठ पडली. सरकारी नोकरी करायची नाही, देशात शिक्षण पसरवायचे, असा दोघांनी निश्चय केला. त्या काळी एम.ए. झालेल्या माणसाला मामलेदारी किंवा त्याहून मोठी जागा हात जोडून उभी असे. घरी तर पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराच्या मुलाची स्वप्ने तिने पाहू नयेत, पोटापुरते मिळवून उरलेला सगळा वेळ दुसऱ्यांसाठी घालवायचे त्यांनी ठरवले आहे. हे पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल, याची चर्चा चरित्रकार फारशी करत नाहीत. ती व्हायला हवी. त्यागाचा निम्मा भार नेहमी घरातल्या बायकांच्या वाट्याला जातो, आणि हे पुढे खुद्द आगरकरांइतके स्पष्टपणे मराठीत कुणी मांडले नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. एम.ए. होऊन आगरकर त्यात आले. ४ जानेवारी १८८१ ला केसरीचा पहिला अंक निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर केलेल्या टीकेमुळे अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यावर आगरकरांनी पुस्तकच लिहिले आहे. एका कोठडीत दोन मित्र, आणि त्यांचा वाद काही केल्या संपत नाही, असे त्यातले चित्र आहे. पुढे सगळा महाराष्ट्र ज्या वादाने दुभंगला त्याची तालीम तिथे झाली म्हणा ना.

या मंडळींची आयुष्ये किती आखूड होती ते पाहिले म्हणजे छातीत धस्स होते. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये गेले, एकतिसाव्या वर्षी. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये गेले, चौतिसाव्या वर्षी. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज स्थापन करणारे हे लोक आज आपल्याला पांढऱ्या मिशांचे वाटतात. ते सगळे तिशीच्या आसपासचे तरुण होते.

दमा म्हणजे नेमके काय?

दम्याचा झटका ज्याने पाहिलेला नाही त्याला वाटते, रोग्याला श्वास घेता येत नाही. खरी अडचण बहुधा उलट असते. घेतलेला श्वास बाहेर सुटत नाही. छातीतल्या बारीक नळ्या आवळतात, आतून सुजतात, चिकट कफाने भरतात. हवा आत कोंडते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. छातीतून शीळ वाजू लागते. झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. माणूस अंथरुणावर उठून बसतो, हात गुडघ्यांवर टेकतो, खांदे वर ओढतो. अशा वेळी दोन शब्द सलग बोलता येत नाहीत. उजाडल्यावर तोच माणूस कपडे करून कामाला निघतो आणि बघणाऱ्याला वाटते, याला काय धाड भरली आहे?

आगरकरांच्या काळात यावर इलाज काय होता? आयुर्वेदाने या विकाराला तमक श्वास म्हणून फार पूर्वीच ओळखले होते. धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून त्यांचा धूर ओढायचा हा आपल्याकडचा जुना उपाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस तो मद्रासहून इंग्लंडला गेला आणि पुढे विलायती सिगारेटींच्या रूपाने साहेबी दवाखान्यांत मानाने बसला. धोतऱ्याने नळ्या थोड्या सैलावतात हे खरे, पण मात्रा चुकली तर तो विष आहे. याखेरीज कडक कॉफी, अफू, हवापालट. आज दमेकऱ्याच्या खिशात असतो तो फवारा निघायला १९५६ साल यावे लागले. ज्या औषधाने आज तालुक्याच्या गावीसुद्धा झटका पाच-दहा मिनिटांत आवरतो, त्यातले काहीही आगरकरांच्या उशाशी नव्हते.

आणखी एक गोष्ट तेव्हा नव्हती, छातीच्या आत डोकावण्याची. डॉक्टर बोटांनी छाती ठोकून आणि नळी लावून ऐकत, त्यावरून अंदाज बांधत. ज्या साली आगरकर डोंगरीत होते त्याच १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. आणि आगरकर गेले त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. तोवर दमा हा शब्द एका मोठ्या गाठोड्यासारखा होता. धाप लागणारे, शीळ वाजणारे, कफ पाडणारे सगळे त्यात बांधले जात. आगरकरांच्या दम्याला आज मी दुसरे नाव देऊ पाहत नाही, मेलेल्या माणसाचे निदान करण्याचा आगाऊपणा डॉक्टरांनीही करू नये. पण गाठोड्यात काय काय असू शकते हे मला माझ्याच शरीराने शिकवले, ते सांगणे भाग आहे.

मी जन्मलो १९५३ साली धुळ्यात. आई सांगायची, तिसऱ्या दिवसापासून माझे नाक वाहत होते. ते आजतागायत थांबलेले नाही. शाळेत त्यावरून नाव पडले ते इथे लिहिण्यासारखे नाही. बारा महिने खोकला, सकाळी वाटीभर कफ, हिवाळ्यात ताप. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू हवेत उडू लागले किंवा दोंडाईच्याकडून मिरचीची पोती घेऊन एखादी मालमोटार गल्लीत शिरली की माझी रात्र बसून जायची. घरचे म्हणत बाळदमा आहे, वयात आला की जाईल. वयात आलो, तो गेला नाही. विशीत एका डॉक्टरांनी क्षय ठरवला. दीड वर्ष गोळ्या आणि सुया झाल्या. तिशीत दुसऱ्या एका दवाखान्यात पुन्हा क्षय ठरला, पुन्हा तेच. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. क्षयरोगी म्हणून माझे ताट-वाटी मात्र दोन्ही वेळा वेगळे झाले. जिथे क्षय घरोघर आहे तिथे छातीचा प्रत्येक डाग क्षयाचा वाटतो, यात एकट्या डॉक्टरचा दोष मी मानत नाही.

क्ष-किरणाच्या फिल्मा निघत तेव्हा एक गंमत हटकून होई. काढणारा माणूस फिल्म उजेडावर धरी, उलटी करी, पुन्हा सुलटी करी. त्याला वाटे आपणच फिल्म उलटी लावली. एकाने तर खुणेचे अक्षर खोडून दुसऱ्या बाजूला लिहिले. शेवटी १९९४ साली, माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी, मुंबईतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी फिल्मकडे फारसे न बघता माझ्या छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवला. माझे हृदय उजवीकडे आहे. यकृत डावीकडे. सगळा संसार आरशात पाहावा तसा उलटा.

या विकाराला कार्टाजेनर सिंड्रोम म्हणतात. झुरिकच्या कार्टाजेनर नावाच्या डॉक्टरांनी १९३३ साली चार रोग्यांची हकिगत लिहिली, त्यावरून हे नाव. त्याचे कारण समजायला आणखी ४३ वर्षे लागली. आपल्या नाकात आणि श्वासनळ्यांत सूक्ष्म केसांची लव असते. वाऱ्याने ज्वारीचे शेत डोलावे तशी ती एका लयीत हलते आणि आत आलेली धूळ, जंतू, कफ वरवर ढकलीत घशापर्यंत आणते. चोवीस तास चाललेली ही झाडलोट आपल्या गावीही नसते. माझ्या शरीरात ही लव आहे, पण ती हलत नाही किंवा वेडीवाकडी हलते. केरसुण्या आहेत, झाडणारे हात नाहीत. मग कफ साचतो, कुजतो, वर्षानुवर्षे नळ्या फुगून सैल पडतात. गर्भावस्थेत अवयव डावीकडे की उजवीकडे हे ठरवण्यातही अशाच केसांच्या हालचालीचा वाटा असतो. ती नसली की नाणेफेकीसारखे होते, म्हणून या विकाराच्या साधारण निम्म्या लोकांचे हृदय उजवीकडे असते. उरलेल्या निम्म्यांचे डावीकडेच असते आणि त्यांचा विकार ओळखणे त्याहून अवघड.

हा दोष जन्मजात आणि आनुवंशिक. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावे लागते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. माझ्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती. आपल्याकडे हे नाते फार गोड मानतात. घरातले घरात राहते म्हणतात, आणि दुर्दैवाने सदोष जनुकही घरातले घरातच राहते. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा विकार होण्याचा संभव चारात एक. आजवर अशी पन्नासहून अधिक जनुके सापडली आहेत.

फुफ्फुसाचे जन्मजात दोष हे फक्त तान्ह्या बाळांचे दुखणे, असा पुष्कळांचा समज आहे. त्यांतले कितीतरी पंचविशी-तिशीनंतर उघडकीस येतात. कुणाच्या फुफ्फुसाचा एक तुकडा श्वासनळीला जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्तपुरवठा थेट महारोहिणीतून होतो. कुणाच्या छातीत जन्मापासून हवेची किंवा पाण्याची पिशवी असते. कुणाला एक फुफ्फुस जन्मतःच नसते आणि हे भलत्याच कारणासाठी काढलेल्या फिल्मवरून कळते. हे सगळे लोक आयुष्यभर दमेकरी किंवा जुना क्षय म्हणून वावरतात. एकाच जागी वारंवार न्यूमोनिया होत असेल, क्षयाचे औषध घेऊनही थुंकी कोरीच असेल, दम्याच्या फवाऱ्याने उतारच पडत नसेल, तर छातीचा सी.टी. स्कॅन करून घ्यावा, एवढे तरी वाचकांनी ध्यानात ठेवावे. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. आता धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

माझा विकार बरा होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ खाटेच्या कडेवरून डोके खाली सोडून पाठ थोपटून घ्यायची, कफ पाडायचा, ताप आला की वेळ न दवडता औषध सुरू करायचे, दरवर्षी लस टोचायची. झाडलोट शरीर करत नाही म्हणून ती आपण करायची. हे सांभाळून मी सत्तरी ओलांडली.

सुधारक आणि घरातली बाई

१९९४ च्या त्या भेटीत डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. रविवारच्या पुरवणीत ती सांगावी की नाही याचा मी विचार केला, पण आगरकरांवर लिहिताना ती लपवली तर लिहिण्यात अर्थ नाही. पुरुषाच्या बीजाला जी शेपटी असते तिची घडण त्या सूक्ष्म केसांसारखीच असते. ती हलत नाही. १९७६ साली अफझेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञांनी या विकाराचे मूळ शोधून काढले ते यावरूनच. तोवर आमच्या लग्नाला पंधरा वर्षे झाली होती. त्या पंधरा वर्षांत माझ्या पत्नीने धुळ्याच्या एकवीरा देवीला किती नवस केले, किती सोमवार धरले, किती वेळा तपासण्या करवल्या याची गणती नाही. बारशाला तिला बोलावणे येत नसे. डोहाळजेवणात ओटी भरायला तिचा हात चालत नसे. मला तपासावे असे त्या सगळ्या काळात ना कुणा वडीलधाऱ्याला सुचले, ना कुणा डॉक्टरला.

त्या वर्षी आखाजीला आमच्या घरी सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जमल्या होत्या. पुरणपोळीचे जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मी फिल्म काढून दाखवली आणि दोष कुणाचा ते सांगितले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आत्याबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या पत्नीची ओटी भरली.

आगरकर मला खरे वाचता आले ते त्यानंतर. जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयातून त्यांच्या निबंधांची पुस्तके आणून मी पुन्हा वाचली. केसरीत राहून सामाजिक विषयांवर मनासारखे लिहिता येत नाही म्हणून त्यांनी १८८७ साली ते पत्र सोडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात सुधारक काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत, मराठी आगरकर. बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण, बायकांचे कपडे, श्राद्ध, सोवळे, कशालाच त्यांनी हात लावायचा ठेवला नाही. त्यांची पद्धत एकच. रूढी समोर ठेवायची आणि तिचे कारण विचारायचे. नवरा मेला तर बायकोचा काय अपराध? मुलीला शिकवले तर नेमके काय बिघडते? कमावण्याजोगे शिक्षण तिला का देऊ नये? मुलामुलींनी एकत्र शिकावे असे ते १८९० च्या आगेमागे लिहीत होते. खानदेशातल्या कित्येक खेड्यांत ही गोष्ट सहज झाली ती माझ्या डोळ्यांदेखत.

त्यांचे मराठी पाहण्यासारखे आहे. वाक्याचे पृथक्करण हा ज्यांच्या आवडीचा विषय आणि ज्यांनी १८८८ साली त्यावर वाक्यमीमांसा हे पुस्तक लिहिले, त्यांची वाक्ये लांब पण कुठेही न अडखळणारी आहेत. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, आणि शेवटी क्रियापद ठाम. शिकवताना मी मुलांना ती मोठ्याने वाचायला लावायचो. त्यांचा श्वास मध्येच सुटे आणि ती हसत. लिहिणाऱ्याचाही सुटत असणार, पण कागदावर त्याची खूण नाही. आजारपणाचे भांडवल करून वाचकाची सहानुभूती मिळवण्याचा विचारही त्यांच्या लेखनात शिरलेला नाही. याबाबतीत आजच्या आम्हा लेखकांनी, मी धरून, त्यांच्याकडून काही घ्यावे.

समाजाने परतफेड केली ती अशी की कर्मठांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांना ती पाहावी लागली. टिळकांशी मैत्री तुटली होती. रखमाबाईंच्या खटल्यापासून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत दोघे दोन टोकांना उभे होते आणि भाषा दोन्हीकडून बोचरी होती. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीच सोडली. घरी यशोदाबाई. त्यांचा देवधर्मावर विश्वास, नवऱ्याचा नाही. आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत, त्यांच्या पूजा-व्रतांना आडकाठी केली नाही. बायकोला हुकमाने सुधारणारे सुधारक आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पण नवऱ्याच्या जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा, तुटपुंजे वेतन, पदरची लहान मुले आणि रात्रभर बसून काढणारा दमेकरी नवरा हे सारे त्या बाईंनी कोणत्या बळावर निभावले, यावर एक स्वतंत्र लेख व्हावा. तसबिरीला घातलेल्या हारात त्यांचाही वाटा आहे.

आपटे गेल्यावर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. सकाळी कॉलेज, दुपारी कारभार, रात्री सुधारक. पुढल्या वर्षी त्यांच्याच कॉलेजातल्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांना वाळीत टाकले, तेव्हा आगरकर त्यांच्या पाठीशी होते. प्रकृती खालावत चालली होती. दमा वर्षानुवर्षे जुना झाला की फुफ्फुसांबरोबर हृदयही थकते, झोप जाते, अन्न जात नाही. काम कमी करण्याचा सल्ला त्यांना मिळाला असणारच. कमी केलेले दिसत नाही.

१८९५ चा जून आला. पावसाळ्याचे तोंड दमेकऱ्याला वाईट, हे आमच्याकडे पोरेसोरेसुद्धा जाणतात. १७ तारखेला ते गेले. असे सांगतात की त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीसाठी लागतील तेवढे पैसे त्यांनी तीत बांधून ठेवले होते. धर्मविधी न मानणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेची पंचाईत शेजाऱ्यांवर पडू नये आणि खर्च यशोदाबाईंवर पडू नये, हा हिशेब त्यात असावा. केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला. डोंगरीच्या कोठडीत १०१ दिवस ज्याच्याशी ते वाद घालत होते, त्याच्या जाण्याने ते गलबलून गेले होते.